मातीचा वास येणारा मासा

बेलपाडा, ५ जानेवारी २०२५

आत्या,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि लिहीत नाही, हे आधीच कबूल करतो, म्हणजे शिव्या एकदाच बसतील. कागद दोनदा आणला. एकावर हृतिकनं वडे ठेवले, दुसऱ्याचं काय झालं आठवत नाही. आता लिहितोय कारण माझा फोन तळ्यात पडला. हृतिकच्या फोनवरून केला असता, पण फोनवर तू "जेवलास का" विचारतेस, मी "हो" म्हणतो, तू ठेवून देतेस. सहा महिने आपण एवढंच बोललोय. पत्र असं ठेवून देता येत नाही. आपल्या बंदरावरच्या सत्यजीतचा मासळीचा टेम्पो करंजाहून पहाटे पनवेलच्या मच्छीबाजारात येतो, परत जाताना हे नेईल. समृद्धी, आजीला मोठ्यानं वाचून दाखव.

हृतिक म्हणजे गोव्याला माझ्याबरोबर हॉटेलात भांडी घासायचा तो. सध्या त्याच्या घरी बेलपाड्याला पडलोय. इथं मेट्रोच्या स्टेशनाला गावाचं नाव दिलंय आणि गाव खाली बसून मान वर करून बघतंय. रात्री तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की सडक्या अंड्यांचा वास येतो, मग हृतिकची आई खिडक्या लावते आणि आम्ही सगळे आत उकडतो. तर सांगत काय होतो, फोन.

मी गळ टाकायला शिकतोय. हस. कोळ्याचा पोर, गोड्या पाण्यात, हातात काठी घेऊन! शिकवतो रहीमचाचा. पनवेलच्या मोहल्ल्यातला म्हातारा, तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून आलेला. रोज सकाळी तिथल्याच एका तळ्यावर बसतो. तळं कसलं, हिरवी पेज. त्यात थर्माकोलचं मखर, निर्माल्याच्या पिशव्या, एका पायातली चप्पल. मी पहिल्या दिवशी गळाच्या गरीला सुकट लावली. मासा अजून काय खाणार? दोन तास बसलो. चाचा हसून हसून खोकला. म्हणाला, "अरे बाबा, रोहू आहे तो. शाकाहारी!" शाकाहारी मासा! आत्या, मला सगळ्या मासळी जातीची लाज वाटली.

चाचाचं आमिष तुला सांगतो, पण जेवायच्या आधी वाचू नका. आंबवलेला भात, शेंगदाण्याची पेंड, बडीशेप, आणि वर केकात घालतात तो व्हॅनिला. चार दिवस डब्यात बंद. झाकण उघडलं की मेलेल्या माणसाला कुणीतरी अत्तर लावल्यासारखं वाटतं. ते बोटांनी मळून गोळी करायची. नखांतून आठवडाभर जात नाही.

एक रोहू लागला शेवटी. अर्धा किलो असेल. शी! त्याला ओठ आहेत, आत्या. दात पडलेल्या माणसासारखे जाड ओठ, आणि हवेतसुद्धा चोखत राहतात. अंगावर शेंबडासारखी बुळबुळ. आणि वास समुद्राचा नाही, मासळीचाही नाही, जुन्या माठाच्या बुडाला येतो तसा. ओल्या मातीचा. चाचानं हात ओले केले, गरी काढली आणि मासा परत सोडून दिला. मी "अरे अरे" करत वाकलो, तर खिशातला फोन त्याच्या मागोमाग गेला.

सुके बोंबील पाठव. इथलं जेवण वरणभात, वरणभात.

प्रितेश

*

करंजा, १५ जानेवारी

(समृद्धी लिहितेय, आजी बोलतेय. तिळगूळ मी पाठवलाय.)

प्रित्या,

थू. समृद्धी, आदी थू लिव.

आमच्या पिढ्या खाऱ्या पान्यावर गेल्या नि तू डबक्यात काठी घालून बसलास. चिखल खानारा मासा त्यो. आमच्याकडं मांजरीला टाकला तर मांजर वलून बघायची नाय. नि पकडून सोडतंय? मंग पकडतंय कशाला? मुक्या जीवाच्या तोंडात गरी घालायची, त्याला वडायचा, नि वर जा म्हनायचं. आमी मारतो तर खातो. त्या म्हाताऱ्याला घरात काम नाय काय?

व्हॅनिला माशाला! आमच्या पोरांना मिलाला नाय कदी.

बोंबील पाठवत नाय. घरात नायत.

गावच्या जत्रेला यायचं काम नाय. तितंच रा. आलास तरी मी घरात नसन.

(घरात बोंबील नाहीत हे खरं आहे, प्रितेशमामा. आजी खूप हसली व्हॅनिलाला. हे लिहू नको म्हणाली.)

सोनाबाय

*

बेलपाडा, २९ जानेवारी

आत्या,

करंजात, जानेवारीत, तुझ्या घरात बोंबील नाहीत. मी काय पुण्याचा आहे काय, माझा विश्वास बसायला? सरळ लिही ना, याला द्यायचे नाहीत.

मला माहीत आहे कशासाठी ते. बाबाच्या होडीवर मी तीन दिवस ओकलो. चौथ्या दिवशी उतरलो तो परत चढलो नाही. सगळं बंदर मला ओकाऱ्या म्हणायचं. मला वाटलं होतं, आई गेल्यावर जिनं वाढवलं ती तरी हसणार नाही. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस. तेव्हापासून गोवा झालं, नाशिक झालं, अलिबागला आइस्क्रीमची गाडी झाली, कुठंच दोन महिन्यांवर टिकलो नाही. जत्रेला येऊ नको असं मात्र तू कधी म्हणाली नव्हतीस.

तळ्यावर जायचं बंद केलं. परवा पायऱ्यांपाशी रोहूच्याच जातीतला मोठा कटला लागला, चार किलोचा. काठी वाकून पाण्याला टेकली, आजूबाजूला माणसं गोळा झाली. वर काढला तर त्याच्या तोंडातून भाताचा गोळा पडला. काळे तीळ लागलेला. तिथं वरच्या बाजूला दहाव्याचे विधी करतात, पिंड पाण्यात सोडतात, आणि हे जाडे तिथंच आ करून बसलेले असतात. ज्याला मी खुशीत छातीशी धरला होता तो कुणाच्या तरी बापाचा भात खाऊन मोठा झालेला. सोडला. साबणानं तीनदा हात धुतले. अजून धुवावेसे वाटतात. चाचाला म्हटलं, तुम्हाला किळस नाही येत? म्हणाला, "मासा भेदभाव करत नाही, म्हणून आपण करायचा. म्हणून तर मी इथला खात नाही."

काल मंगळवारी खारघरला रिक्षात अगदी तुझ्यासारखी बसणारी एक बाई बघितली. पाय दुमडून, रिक्षाचा दांडा धरून. पण तोंडाला मास्क, डोक्याला फडकं आणि नुसती काडी. मी हसलो. आत्याला एवढं बारीक व्हायला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

तुला माझी किळस येते. एवढं लिहून पाठव, म्हणजे विचारायचं बंद करतो.

प्रितेश

*

करंजा, २ फेब्रुवारी

प्रितेशमामा,

हे आजी बोलत नाहीये. आजी झोपलीय.

रिक्षातली बाई आजीच होती. तिनं तुला बघितलं. रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, जोरात हान."

ऑगस्टमध्ये तिच्या पोटातली गाठ काढली. आता दर तिसऱ्या मंगळवारी खारघरला सलाईनमधून औषध देतात. केस गेले, त्याचं तिला काही नाही, म्हणते वेणीचा ताप गेला. पण दुसरं जे झालंय ते तिनं कुणालाच सांगू दिलं नाही. तिला मासळीचा वास सोसत नाही. चाळीस वर्षं पाटी डोक्यावर घेतलेली बाई, आणि आता वाळत घातलेल्या बोंबलांच्या जवळून गेली तरी ओकते. म्हणून घरात बोंबील नाहीत. बाजारातली जागा शेजारी बसणाऱ्या गुणाबाईंना दिली, सांगितलं गुडघे दुखतात. बंदरावर कळलं तर लोक काय म्हणतील, एवढीच तिला धास्ती. जत्रेला तू आलास तर तुला मासळी रांधून घालावी लागेल, म्हणून येऊ नको म्हणाली.

अंडं नको, चिकन नको, डाळ घशाखाली जात नाही. चहा आणि त्यात बुडवलेलं बटर, बस. वजन एक्केचाळीस आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाळीसच्या खाली गेलं तर पुढचं औषध देता येणार नाही. पुढची तारीख १८ फेब्रुवारी.

तुझी पत्रं टेम्पोतून येतात, त्यांना वास असतो. मी ती अंगणाच्या टोकाला उभी राहून वाचते आणि ती नाकाला पदर लावून उंबऱ्यावर बसते. माठाच्या बुडाचं वाचलं तेव्हा म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग म्हणाली, "मातीच्या वासानं मानूस वकत नाय." बस, एवढंच.

फोनवर सांगितलं असतं, पण ती सतत शेजारी असते आणि तिचे कान अजून शाबूत आहेत. तिनं शपथ घातली होती, ती मी मोडली.

समृद्धी

*

बेलपाडा, ८ फेब्रुवारी

समृद्धी,

तुझं पत्र वाचून आधी स्वतःचीच शिसारी आली. मी रस्त्यात उभा राहून हसलो, गं. ते जाऊ दे. नाही, जाऊ देता येत नाही, पण पुढचं लिहितो.

तिच्या नाकाला समुद्र सोसत नाही. रोहूनं समुद्र कधी बघितलेलाच नाही. म्हणून तिला रोहू खायला घालायचा. बाजारातला नको, तो पापलेटाच्या शेजारी एकाच बर्फात झोपलेला असतो. तळ्यातला तर नकोच नको. चाचाला सगळं सांगितलं. त्यानं गळाची दोरी गुंडाळली आणि म्हणाला, "शिरढोणला चल."

शिरढोणच्या पुढं चाचाच्या ओळखीच्या शैलेशचं शेततळं आहे. झऱ्याचं पाणी, तळाचे दगड दिसतात. दोन वर्षांपूर्वी त्यानं रोहूचं बी, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडलंय. तो जाळं मेमध्ये लावणार, पाणी उतरल्यावर. आपल्याकडं मे नाही. गळानं काढायचा.

तीन दिवस झाले. एकही नाही. माझं चुकतंय ते असं, की समुद्रात दोरी हलली की ओढायची, हे हातात भिनलंय. रोहू आधी आमिषाला नुसता ओठ लावतो. चाखतो, थुंकतो, परत येतो. पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा फ्लोट नाचतो आणि मी ओढतो. रिकामी गरी येऊन कानाला लागते. चाचा म्हणतो, "सबर. नाचू दे. बुडाला की मग." आणि दुसरं म्हणजे रोज त्याच जागेवर, त्याच वेळेला, मूठभर चारा टाकायचा आणि घरी जायचं. गळ टाकायचाच नाही. आधी त्याला जागेची भीती जाऊ दे. मला मूठभर टाकून परत यायला जे काही होतं ते लिहीत नाही, तू लहान आहेस.

आंबवलेल्या भाताचा डबा बसमध्ये उघडला गेला. पळस्प्यापर्यंत अर्धी बस रिकामी. एक बाई मला म्हणाली, "भाऊ, कोण गेलं?"

मासा मिळाला की चार दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायचा, पोटातला चिखल निघून जातो. टेम्पोनं पाठवायचा नाही, त्याला समुद्राचा वास लागेल. १८ ला औषध झालं की काहीतरी सांगून तिला बेलपाड्याला आण. पत्र वाचून जाळ.

प्रितेशमामा

*

करंजा, १२ फेब्रुवारी

प्रित्या,

समृद्धीनं तुजी चिठ्ठी जालली नाय. तांदलाच्या डब्यात ठेवली. तांदलाला वास लागला, तवा मला समजलं. मी गुणाबायच्या नातवाकडून वाचून घेतली. आता समृद्धी रडतेय नि लिवतेय. रडू दे.

मला चिखलमासा घालनार? मी मेल्यावर दहाव्याला घाला, तितं त्यो येतोच. सोनाबाय मासलीवाली गोड्या पान्याचा मासा खाते, ह्ये करंजाच्या बंदरात समजलं तर माजी पाटी पन माज्यावर थुकंल. मला नको. मी येनार नाय. त्या शेलेशला सांग, तुजा मासा तुला लखलाभ.

दुसरं. तू लिवलंस किलस येते म्हनून. येते. पन तुजी नाय. माजीच मला येते. सकाली उठले का तोंडात गंज. अंगाला औषदाचा वास. बोंबलाच्या वलनीखालून जाते नि माज्याच पोटातून सगलं वर येते. ज्या मासलीनं पोरांना वाढवलं तिच्याकडं बघून वकारी येते, म्हंजे मी कोन रायले? ह्ये कुनाला सांगायचं?

तू होडीवर वकायचास तवा मी हसले. मला वाटायचं नाटक करतंस, कामचुकार हायस. आता मी रोज वकते. वकनाऱ्या मानसाच्या हातात काय नसतं, ह्ये मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. एवढंच सांगायचं व्हतं. चिठ्ठीत सांगते, तोंडावर सांगितलं नसतं.

मंगलवारी वाट बघू नको. चिखल त्यो चिखल.

सोनाबाय

(चाळीस किलो सहाशे. – स.)

*

बेलपाडा, १८ फेब्रुवारी, मंगळवार दुपार

आत्या,

तू येणार नाहीस म्हणालीस, म्हणून लिहितोय. हृतिकच्या ओट्यावर बसलोय. आत मोरीत निळा ड्रम आहे आणि ड्रममध्ये तुझा मासा.

शुक्रवारी लागला. सहा दिवस चारा टाकला होता. फ्लोट नाचला, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. खरंच बसलो, चाचाला विचार. थांबला. परत नाचला. मला तुझं ते वाक्य आठवलं, हातात काय नसतं. मग फ्लोट सरळ खाली गेला, दिवा विझल्यासारखा. मी उठलो. वीस मिनिटं तो मला त्या शेततळ्याभोवती फिरवत होता. अडीच किलोचा. चाचानं जाळीत घेतला आणि पहिल्यांदाच सोडला नाही. पोत्यात ओला गुंडाळून स्कूटरवरून आणला.

चार दिवस दोन वेळा पाणी बदलतोय. खायला काही नाही दिलं. मोरीत जागा नाही म्हणून घरात कुणी धड आंघोळ केलेली नाही. हृतिकची आई म्हणते, "तुजा पाव्हना कदी जानार रे? माज्याकडं बघतो त्यो." खरंच बघतो. ओठ हलवतो. मला अजूनही तो बघवत नाही, आत्या, त्या ओठांनी अंगावर काटा येतो. पण रोज वाकून त्याचा वास घेतो. पहिल्या दिवशी चिखल होता. दुसऱ्या दिवशी माठ. आज सकाळी नुसतं पाणी, आणि अगदी शेवटी, नाक टेकवलं तर, थोडी माती.

चाचाला विचारलं, तुम्ही सगळे का सोडता? शिरढोणचे तर स्वच्छ असतात. म्हणाला, "माझी बायको, हव्वाबी, होती तोवर एक सोडला नाही. ती शिव्या देत साफ करायची. ती गेली. आता घरी नेऊन कुणाच्या शिव्या खाऊ?" मग म्हणाला, "तुझी आत्या शिव्या देते ना? मग तिला आण."

मी काय आणणार? ओकाऱ्या मी. मी कुणाला कधी आणलंय? पाच वाजता चाचा स्कूटर घेऊन येतोय. मासा परत शेततळ्यात सोडतो. मारून टाकून द्यायला मला जमणार नाही, आणि तुझ्याशिवाय तो खायलाही जमणार नाही. तू म्हणालीस ना, आमी मारतो तर खातो. खाणारं माणूस नाही, तर

थांब. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबलीय. रिक्षावाल्याशी कुणीतरी भांडतंय.

आत्या, तू आलीस.

तू समोर उभी आहेस आणि मी लिहीतच बसलोय. मास्क, डोक्याला फडकं, पिशवीतून मासळी कापायच्या कोयतीची मूठ बाहेर. समृद्धी मागून सांगतेय की हॉस्पिटलच्या वॉचमननं कोयती काढून घेतली होती आणि तू सलाईन सुटल्या सुटल्या खाली जाऊन त्याच्याशी भांडून ती परत घेतलीस. तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. "काय लिवतंस? कोनाला? कुठं हाय त्यो चिखलखाऊ? ह्या पोराला मासा साफ करता येनार नाय म्हनून आले. खायला नाय आले." असं म्हणून तू सरळ मोरीत गेलीस.

आता तू ड्रमाचा काठ धरून वाकलीस. मास्क खाली केलास. आम्ही सगळे मोरीच्या दाराशी, हृतिकची आई हातात बादली घेऊन. मी हे दाराच्या चौकटीवर कागद टेकवून लिहितोय. कुणी हलत नाही. तू नाक पाण्याला टेकवलंस.

मी मनात शंभर मोजले. बादली रिकामीच आहे.

"मातीच हाय," तू म्हणालीस. आणि मान वर न करता, "कोकम हाय का घरात? नि त्या म्हाताऱ्याला बोलाव. बगू दे, मारतात कशाला."